काकूंच्या एकसष्टीचा केक : ग्लूटेन नाही, दूध नाही, अंडं नाही, तरीही पोट फुगतं तेव्हा

मी पुण्यात घरून केक करून देते. बाहेरचं काही चालत नाही अशा माणसांसाठी केक करणं हे गेल्या काही वर्षांत माझं मुख्य काम झालं आहे. त्यातलंच हे एक प्रकरण. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांची याला संमती आहे, नाव मात्र देत नाही. आम्ही सगळे त्यांना काकूच म्हणतो.

काकूंना साठ पूर्ण होत होती आणि मुलाला आईच्या एकसष्टीला केक हवा होता. तोही साधा स्पंज नव्हे, त्यांना आवडतो तसा सुकामेवा घातलेला, दालचिनी-जायफळाच्या वासाचा. घर माळकरी, त्यामुळे अंड्याचा प्रश्नच नव्हता. काकूंना दोन वर्षांपूर्वी सीलिॲकचं, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतडं झिजतं त्या आजाराचं, निदान झालेलं. त्यामुळे गहू, सातू (बार्ली), राय नावाचं धान्य हे सगळं कायमचं बंद. दूध घेतलं की जुलाब होत, म्हणून दूधही बंद. अशा रीतीने एका वारकरी घरात व्हीगन, म्हणजे कुठलाच प्राणिज पदार्थ नसलेल्या, केकची गरज निर्माण झाली. अंडं माळेमुळे नको होतं, दूध आतड्यामुळे. दोन्ही कारणं वेगळी आहेत हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे त्यातलं एक बदलू शकणारं होतं.

निदान व्हायलाही बराच काळ गेला. लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वर येत नव्हतं, वजन उतरत होतं, आणि सगळे त्याला वयाचा परिणाम समजत होते. सीलिॲक हा उत्तरेतल्या गहू खाणाऱ्यांचा आजार अशी समजूत आपल्याकडे अजून आहे. उत्तर भारतात तो जास्त सापडतो हे खरं, तिथे शंभरात साधारण एकाला तो असतो. पण आपणही रोज पोळी खातो. अखेर रक्ताची तपासणी आणि दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून केलेली तपासणी, दोन्ही झाल्या. गहू खाणं चालू असतानाच त्या झाल्या हे काकूंचं भाग्य. अनेक जण आधी गहू सोडतात आणि मग तपासणीला जातात. तोवर रक्तातल्या खुणा ओसरलेल्या असतात आणि निदान लटकतं. पोटाची तक्रार घेऊन माझ्याकडे ‘ग्लूटेन-फ्री करून द्या’ म्हणत येणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिल्यांदा सांगते.

गहू बंद झाल्यावर काकू सुधारल्या, पण पूर्ण नाही. अधूनमधून पोट ढोलासारखं फुगायचं. रक्तातली प्रतिपिंडं, डॉक्टर ज्याला टीटीजी म्हणतात, खाली आली होती तरी मर्यादेच्या वरच रेंगाळत होती. त्यात नातवाच्या वाढदिवसाला मुलाने कौतुकाने बाहेरून एक महागडा केक आणला. वेष्टनावर ‘व्हीगन’ आणि ‘ग्लूटेन-फ्री’ दोन्ही शब्द होते. काकूंनी दोन तुकडे खाल्ले आणि रात्रभर गुबाऱ्याने तळमळल्या. तेव्हापासून त्यांनी केक या गोष्टीचीच धास्ती घेतली. मी भेटायला गेले तर म्हणाल्या, “अगं, माझ्यासाठी कशाला खटाटोप करतेस? तुम्ही खा, मी बघते.” हे वाक्य मी फार घरांत ऐकलं आहे. ज्या माणसासाठी समारंभ असतो तोच ताट बाजूला सारून बसतो, हे मला सहन होत नाही.

मुलाने त्या केकच्या वेष्टनाचा फोटो जपून ठेवला होता. घटक वाचले : खजूर, काजूपूड, अंजीर, जर्दाळू, सफरचंदाचा गर, ओट्सचं दूध, चिकोरीच्या मुळाचं फायबर, झँथन गम. यातला एकही पदार्थ गव्हाचा नाही, प्राणिज नाही, आणि वेष्टनावरचा दावा खोटा ठरवावा असं मला त्यात काही दिसलं नाही. तरीही काकूंसारख्या पोटासाठी यापेक्षा अवघड यादी बनवणं कठीण आहे.

कारण इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीलिॲकमध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती ग्लूटेनवर चिडून लहान आतड्याच्या आतल्या रसांकुरांवर, म्हणजे अन्नरस शोषणाऱ्या बारीक उंचवट्यांवर, हल्ला करते. ते झिजून सपाट होतात आणि लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं शोषली जात नाहीत. दुसरी गोष्ट आंबण्याची. काही साखरा आणि तंतू लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यात पोचतात, तिथले जीवाणू त्यांचा वायू करतात आणि त्या पाणीही ओढून घेतात. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ साली अशा पदार्थांना फॉडमॅप हे नाव दिलं आणि पुढे एकेका अन्नपदार्थातलं त्यांचं प्रमाण मोजत नेलं. खजूर, सुकं अंजीर आणि चिकोरीत फ्रुक्टॅन, काजू-पिस्त्यात फ्रुक्टॅन आणि गॅलॅक्टॅन दोन्ही, जर्दाळूत सॉर्बिटॉल, सफरचंदात सॉर्बिटॉल आणि जादा फ्रुक्टोज; ही सगळी फॉडमॅपचीच नावं. निरोगी माणसाला यातलं सहसा काही बाधत नाही. ज्यांचं आतडं हळवं झालं आहे त्यांना हे सगळं एका तुकड्यात मिळालं की रात्र जाते.

अंडं आणि लोणी काढलं की केकमध्ये ओलावा, गोडवा आणि बांधणी आणायला बहुतेक जण खजूर, सफरचंद, पिकलेलं केळं आणि काजूकडेच वळतात. म्हणजे ‘आरोग्यदायी’ म्हणून केलेल्या अदलाबदलीतच पोट फुगवणारा माल गोळा होतो. केळंसुद्धा पिकत जाईल तसं त्यातलं फ्रुक्टॅन वाढतं, आणि केकला तर काळे ठिपके पडलेलीच केळी वापरतात.

मी काकूंना विचारलं, पोट कधी शांत असतं? जरा विचार करून म्हणाल्या, “एकादशीला. उपवासाचं एवढं जड खाते, साबुदाणा, शेंगदाणे, तरी काही होत नाही. पांडुरंगाची कृपा.”

माझ्यासाठी हे उत्तर सगळ्यात महत्त्वाचं होतं. एकादशीला काकूंच्या पोटात जातं ते साबुदाणा, वरई, राजगिरा, शेंगदाणे, बटाटा, नारळ. गहू नाही, कांदा-लसूण नाही, डाळी नाहीत, हिंग नाही. पण झिजलेले रसांकुर एका दिवसात भरून येत नाहीत, त्याला महिने, वयस्क माणसांत कधी वर्षं लागतात. तेव्हा एकादशीचा तो तत्काळ आराम ग्लूटेन टळल्याचा नसून कांदा-लसूण, डाळींसारखं आंबणारं अन्न टळल्याचा असणार. आणि टीटीजी मर्यादेत यायला तयार नाही याचा अर्थ इतर दिवशी ग्लूटेन कुठून तरी अजूनही पोटात जात असणार. दोन खुणा, दोन वेगळे प्रश्न. मी डॉक्टर नाही, म्हणून हे सगळं लिहून काकूंच्या आहारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांचंही मत तेच पडलं.

ग्लूटेन कुठून येत होतं ते शोधायला फार लांब जावं लागलं नाही. काकू रोज ज्वारीची भाकरी खात, दळण कोपऱ्यावरच्या गिरणीतून. गिरणीत आधीचं दळण गव्हाचंच असतं आणि जात्यात, पन्हाळीत, कापडी बाहीत ते पीठ उरतं. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात १ ग्रॅम गव्हाचं पीठ मिसळलं तरी त्यातून ८० ते १०० मिलिग्रॅम ग्लूटेन जातं. इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सीलिॲकच्या रुग्णांना ९० दिवस रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन दिलं, तेवढ्यानेही आतड्याला इजा दिसली. भारतात ‘ग्लूटेन-फ्री’ लिहायला अन्नपदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही. आपली गिरणी या हिशेबात कुठेच बसत नाही, आणि त्यात गिरणीवाल्याचा काही दोष नाही.

दुसरं हिंग. बाजारातली हिंगपूड म्हणजे शुद्ध हिंग नव्हे. हिंग फार उग्र, म्हणून त्यात डिंक आणि मैदा किंवा तांदळाचं पीठ घालून ती तयार करतात. काकूंच्या डबीवर बारीक अक्षरांत गव्हाचं पीठ छापलेलं होतं. फोडणीतल्या चिमटीतून जाणारं प्रमाण किरकोळ, मोठा वाटा गिरणीचाच. पण दोन्ही वेळच्या आमटी-भाजीत ते जात होतं आणि ते टाळायला काहीच खर्च नव्हता. तांदळाच्या पिठाची हिंगपूड मिळते, ती आणली. ज्वारी निवडून, धुऊन, वाळवून घरीच दळायची असं ठरलं. घरघंटी नवीन घेतली आणि तिच्यात गहू घालायचा नाही हे सुनेने सगळ्यांना बजावलं.

मग केक. एकादशीच्या फराळातूनच पीठ घ्यायचं हे माझं पक्कं झालं होतं. एखाद्या पिठात किती फॉडमॅप आहे याचे तक्ते उपयोगी असतात, पण काकूंच्या आतड्याने वर्षानुवर्षं महिन्यातून दोनदा दिलेली साक्ष माझ्या दृष्टीने त्याहून वजनदार होती. वरई मुख्य, साबुदाण्याचं पीठ चिवटपणासाठी, राजगिरा चवीला आणि रंगाला. वरईचं तयार पीठ मी घेत नाही. दमट हवेत त्याला बुरशी लवकर लागते आणि उपवासाच्या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात येतच असतात. सबंध वरई आणून, निवडून, धुऊन, खडखडीत वाळवून, लागेल तेवढीच दळली.

आता बांधणी. गव्हाच्या पिठात ग्लूटेनची जाळी वायू धरून ठेवते, अंडं असलं तर तेही शिजून आधार देतं. इथे दोन्ही नाहीत. बेकरीत यासाठी झँथन गम वापरतात. तो जीवाणूंकडून आंबवून तयार केलेला डिंकासारखा पदार्थ आहे, थोडा चालतो, पण काही हळव्या पोटांना तोही लागतो. मी इसबगोल घेतलं. पाणी शोषून त्याची लवचीक लापशी होते, ती बुडबुडे धरते आणि केक कापताना भुगा होऊ देत नाही. शिवाय इसबगोल फारसं आंबत नाही आणि पोटाच्या अशा तक्रारींत डॉक्टर स्वतःच ते सुचवतात. काकू ते आधीपासून घेतही होत्या. जोडीला थोडी जवसाची पूड.

ओलाव्याला सफरचंद-केळ्याऐवजी गाजर, मऊ उकडून वाटलेलं. दूध कुठलंच नाही. ओट्सच्या दुधाला आपल्याकडे गव्हाच्या भेसळीची भीती असते, अख्खं सोयाबीन वाटून केलेलं दूध पुन्हा वायू करतं. साधं पाणी पुरतं, चव कॅरॅमल आणि मसाल्यातून येते. गोडाला साधी साखर. ‘साखरेऐवजी खजूर’ हा आग्रह इथे सोडावा लागतो. साध्या साखरेने सहसा पोट फुगत नाही, आणि काकूंना मधुमेह नाही हे विचारून घेतलं होतं. मधुमेह असता तर हा केक असा केला नसता.

सुकामेव्यावर मी सर्वांत जास्त वेळ घातला, कारण केक त्याचाच होता. काजू, पिस्ते, अंजीर, जर्दाळू, खजूर वगळले. चिरलेला खजूर तर आणखी एका कारणाने नको : तो चिकटू नये म्हणून पिठात घोळवलेला असू शकतो. अक्रोड आणि भोपळ्याच्या बिया ठेवल्या, दोन्ही मर्यादेत पोटाला सोप्या आणि भाजल्यावर खमंग. मनुका पूर्ण वगळल्या असत्या तर फ्रूट केक उरलाच नसता. एका वेळी टेबलस्पूनभर मनुका बहुतेक हळव्या पोटांना चालतात, म्हणून सबंध केकमध्ये ५० ग्रॅम, म्हणजे बारा तुकड्यांत प्रत्येकी जेमतेम ४ ग्रॅम. काळ्या मनुका घेतल्या. पिवळ्या-हिरव्या बेदाण्याचा तजेला राखायला त्याला गंधकाची धुरी देतात आणि काकूंना दम्याचा जुना त्रास आहे. बाकीची फळांची चव दोन गोष्टींतून आणली : साखरेत मुरवलेली नागपुरी संत्र्याची साल आणि घरी केलेला, दूध न घातलेला आलेपाक, बारीक चिरून. माझ्या मते आलेपाकाचा तिखट-गोड चावा टुटीफ्रुटीपेक्षा कितीतरी सरस लागतो.

प्रमाण असं. वरईचं पीठ ११० ग्रॅम, साबुदाण्याचं पीठ ५० ग्रॅम, राजगिऱ्याचं पीठ ३० ग्रॅम. इसबगोल ८ ग्रॅम, जवसाची पूड १० ग्रॅम. साखर ११० ग्रॅम, त्यातली ५० ग्रॅम कॅरॅमलसाठी. गाजराचा गर १५० ग्रॅम, पाणी १४० मिलिलिटर, शेंगदाण्याचं तेल ७० मिलिलिटर, लिंबाचा रस एक टेबलस्पून. बेकिंग पावडर दीड चमचा, खायचा सोडा पाव चमचा. अक्रोड ५० ग्रॅम, भोपळ्याच्या बिया २५, काळ्या मनुका ५०, संत्र्याची साल ४०, आलेपाक ३० ग्रॅम. दालचिनी, जायफळ, चिमूटभर लवंगपूड, मीठ. मसाले अख्खे आणून घरी कुटलेले. बेकिंग पावडरच्या डब्यावर स्टार्च कशाचा आहे तेही वाचून घ्यावं, मक्याचा चालतो.

साखरेचं कॅरॅमल गडद तांबूस झालं की गरम पाणी जपून ओतायचं, फार उडतं. कोमट झाल्यावर त्यात उरलेली साखर, तेल, गाजराचा गर, इसबगोल आणि जवस घालून फेटायचं, मग पिठं आणि मसाले. आता अर्धा तास हे मिश्रण नुसतं झाकून ठेवायचं. ही पायरी गाळू नये. वरईचा कण पाणी सावकाश पितो आणि न मुरवता भाजला तर केक जिभेला रवाळ लागतो. बेकिंग पावडर, सोडा आणि लिंबाचा रस या मुरण्यानंतरच, अगदी शेवटी घालायचा, कारण त्यांचा फेस लगेच सुरू होतो आणि धरून ठेवायला इथे जाळी नाही. मग सुकामेवा. मिश्रण घट्टसर असतं, त्यामुळे तो तळाशी बसत नाही. सात इंची भांड्याला बटर पेपर लावून १६० अंशांवर साधारण सत्तर मिनिटं, वरून रंग चढला की फॉइल.

केक बाहेर आल्यावर त्या दिवशी कापायचा नाही. साबुदाणा आणि इसबगोलाची जेली गार होताना घट्ट होते. गरम कापला तर आतून कच्चा, चिकट वाटतो आणि लोक उगाच पुन्हा भट्टीत ढकलतात. रात्रभर झाकून ठेवलेला केक दुसऱ्या दिवशी स्वच्छ कापला जातो आणि मसालाही मुरतो.

भांड्यांबद्दल थोडं. माझ्या स्वयंपाकघरात सीलिॲकसाठी वेगळी चाळणी, वेगळा लाकडी उलथणा, वेगळं केकचं भांडं आहे. चाळणीच्या जाळीतून आणि लाकडाच्या भेगांतून गव्हाचं पीठ धुऊनही जात नाही. ज्या दिवशी असा केक करायचा त्याच्या आदल्या दिवसापासून घरात मैदा उघडत नाही, कारण मैदा हवेत बराच वेळ तरंगतो. ज्यांना हे शक्य नाही त्यांनी सीलिॲकच्या माणसाला केक विकू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

एकसष्टीच्या आठवडाभर आधी मी काकूंना अर्धा तुकडा दिला, साध्या दिवशी, दुपारी चारला, कोऱ्या चहाबरोबर. दोन दिवसांनी पूर्ण तुकडा, साधारण ६५ ग्रॅम. त्रास झाला नाही. समारंभातही केक जेवणाला जोडून ठेवला नाही. फॉडमॅपची बेरीज होते. डाळ, भाज्या, पक्वान्न यांवर केक आला असता तर नेमकं कशाने बिघडलं ते कळलंच नसतं आणि दोष पुन्हा केकवर गेला असता. औक्षण सकाळी, जेवण दुपारी, केक संध्याकाळी. काकूंनी स्वतः कापला, पहिला घास नातवाला दिला आणि मग स्वतःचा तुकडा शेवटपर्यंत खाल्ला. वेगळा केक कुणासाठीच नव्हता, साठ माणसांनी त्याच केकचे तुकडे खाल्ले. मी तो मुद्दाम मोठ्या मापात, पाच भांड्यांत भाजला होता, कारण काकूंच्या ताटात एक आणि इतरांच्या ताटात दुसरं हे मला नको होतं. रात्र शांत गेली.

एका केकवरून काही सिद्ध होत नाही. नंतरचे महिने जास्त बोलके आहेत. घरच्या दळणावर आणि बदललेल्या हिंगावर सहा महिने गेल्यावर काकूंचं टीटीजी मर्यादेत आलं, हिमोग्लोबिनही वर सरकलं. त्यानंतर आहारतज्ज्ञांनी वगळलेले पदार्थ एकेक करून परत आणायला सुरुवात केली. ते आवश्यकच असतं. फॉडमॅप कायमचे तोडले तर आहार निष्कारण तोकडा होतो आणि आतड्यातल्या चांगल्या जीवाणूंचं अन्नही तुटतं. एका वेळी एक पदार्थ, तीन दिवस, वाढत्या प्रमाणात. एका वेळी दोन खजूर चालतात असं निघालं. काजू अजून नाही. रसांकुर सुधारत गेले तसं दुग्धशर्करा पचवण्याची ताकदही थोडी परतली आणि दह्याच्या दोन चमच्यांनी आता त्रास होत नाही. गहू अर्थात कधीच येणार नाही, आणि अंड्याचा विषय माळेपाशीच संपतो.

दिवाळीला काकूंनी पुन्हा केक सांगितला, या वेळी स्वतः फोन करून. त्यात मनुका निम्म्या करून ४० ग्रॅम खजूर घातला, अख्खा आणून घरी चिरलेला. दही घालू का विचारलं तर म्हणाल्या, “नको गं, आहे तस्साच कर. जावेच्या नातीला दूध चालत नाही, तिलाही द्यायचाय.”